बपेऱ्याच्या मंडईत माझा बॉट

लुडो हा अक्कल नसलेल्या लोकांचा खेळ आहे, असं माझं ठाम मत आहे. (त्यात मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, याचा या मताशी काही संबंध नाही.) पण बपेरा या माझ्या सासुरवाडीच्या गावाने या खेळाची चक्क लीग काढली. लॉकडाऊनमध्ये माझे सासरे आसाराम यांना पारावर बसायला बंदी झाली, तेव्हा त्यांनी मोबाइलवर 'बपेरा ऑनलाइन लुडो लीग' सुरू केली आणि स्वतःला अध्यक्ष नेमलं. पुढे लॉकडाऊन उठलं, लीग उठली नाही. टेलिग्रामवर तिचा गट आहे. त्यात सासू-सासरे, मामा, मावश्या, शेजारीपाजारी आणि एक असा इसम आहे ज्याला कुणीच ओळखत नाही, पण जो दरवेळी सेमीफायनलला येतो.

आणि भूपेंद्र आहे. भूपेंद्र माझा साडू. त्याची राईस मिल आहे, पांढरी गाडी आहे आणि गाडी दारात लागली की सासरे स्वतःच्या दुपट्ट्याने सोफा झटकतात. मी मोहाडीला एका पतसंस्थेत कारकून. मी एसटीने जातो. मला प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, तीसुद्धा एक पाय तारेने बांधलेली.

हे सगळं मंडईत जास्त झोंबतं. मंडई म्हटल्यावर भाजीबाजार डोळ्यांपुढे आणू नका. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार म्हणजे नाचगाण्यांचा खेळ होतो, नाटक होतं आणि लेकी-जावई झाडून सगळे येतात. कोणत्या जावयाला कुठे बसवलं, यावरून त्याचा भाव गावाला वर्षभरासाठी कळतो. माझा भाव लग्नापासून तारेवर टिकून होता.

म्हणून मी बॉट बनवायचं ठरवलं. बॉट म्हणजे गटात बसलेला बिनपगारी कारकून. कुणाचा सामना कुणाशी हे तो लावणार, गुण मांडणार, गैरहजरांना हटकणार. यूट्यूबवरचा पोरगा 'बस, दो मिनट का काम है' म्हणत होता. मला दिवाळीपासून होळीपर्यंत लागलं. आमच्या घरात वडलांचा जुना हातमाग आहे. त्याच्या खुंटीला एक जुना मोबाइल चार्जरसकट टांगला आणि त्यात माझा बॉट राहू लागला. वडलांनी त्या मागावर कोशाच्या रेशमाची लुगडी विणली, मी लुडो विणला. घराण्याची प्रगती म्हणतात ती हीच.

सासरे मात्र खूश झाले. फोनवर म्हणाले, "जवाई, यंदा मंडईले तुमचा सत्कार करून टाकू. शाल, नारळ. अन् सोफ्यावर बसा."

मी फक्त सोफा ऐकला.

आता एकच अडचण होती. बॉट गैरहजर खेळाडूला 'आपण अनुपस्थित असल्याचे निदर्शनास आले आहे' असं कळवायचा. (मी लिहिणार म्हटल्यावर दुसरं काय लिहिणार?) त्याला कुणी भीक घालत नव्हतं. सासूबाई जमुनाबाईंनी तर फोन करून विचारलं होतं, "काहो जवाई, हे लाइटबिलाचं हाये का?" सत्काराच्या आधी बॉटच्या तोंडी काहीतरी झणझणीत घालणं भाग होतं. मी डोकं धरून बसलो. काही सुचेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको करुणा कडाडली. "दूध उतू जाऊन राहिलं अन् हा माणूस मोबाइलमंदी डोकं खुपसून बसला! तुमच्यापरीस मिक्सर बरा, बटन दाबलं का आवाज तरी करते!"

माझे डोळे उघडले. (दूध गेलंच.) इतकी वर्षं घरात हा खजिना रोज उधळला जात होता आणि मी करंटा कानांवर हात ठेवून बसलो होतो! त्या दिवसापासून मी तिचा शब्द न् शब्द टिपून बॉटमध्ये भरू लागलो. करुणा बोलायला लागली की मी मोबाइल घेऊन समोर बसायचो. तिलाही बरं वाटलं. शेजारच्या बेबीबाईला ती म्हणाली, "आजकाल हे माह्यं बोलनं लक्ष देऊन आयकतेत." ती स्वतः लीगमध्ये नव्हती. लुडो रिकामटेकड्यांचा खेळ आहे, असं तिचं मत. आमच्या संसारात या एकाच मुद्द्यावर एकमत आहे.

टोमणे भरून झाले. आता महासामन्यांचा दिवस ठरवायचा होता. त्या दिवशी लीगमधल्या प्रत्येकाने खेळायचंच. दुपारपर्यंत जो फिरकणार नाही त्याला टोमणा आणि त्यानंतरही गप्प राहिला तर गटाबाहेर. तारीख बॉटच निवडणार होता, म्हणून मी त्याला पतसंस्थेच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या सुट्ट्या भरून दिल्या आणि बजावलं, हे दिवस सोड. मी सुट्ट्यांच्या बाबतीत कधी चूक करत नाही.

पण मंडई कुठल्या कॅलेंडरात असते? प्रत्येक गाव बसून आपापला दिवस ठरवतं. बॉटने भाऊबिजेला हात लावला नाही, रविवारांना लावला नाही, आणि नेमका बपेऱ्याच्या मंडईचा दिवस उचलला. गटात तारीख आली. सगळ्यांनी वर अंगठा दाखवला. वाचली कुणीच नाही. (मीही अंगठा दाखवला.)

मंडईच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून सासऱ्यांच्या अंगणात सोफ्यावर बसलो. होय, सोफ्यावर. भूपेंद्र तारेच्या खुर्चीवर होता आणि दर दोन मिनिटांनी कलंडत होता. इतकं निखळ सुख मला लग्नातही मिळालं नव्हतं. आत मटण शिजत होतं. करुणा माहेरच्या बायकांत वडे तळत होती. टेबलावर शाल आणि नारळ मांडून ठेवले होते आणि सासरे माझ्या शेजारी बसून सरपंचांची वाट पाहत होते. गावात एवढी गर्दी की कुणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती.

फक्त भूपेंद्रकडे दोन सिमकार्डं होती. त्यातलं एक जागं झालं. टिंग. मग टिंग टिंग टिंग.

"मामाजी," तो म्हणाला, "तुमाले लीगमधून काढून टाकलं."

"मले? मी अध्यक्ष हावो!"

भूपेंद्र उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. "आसाराम, गैरहजर. बसून बसून खुर्ची झिजली, पन हा माणूस काही हालून नाई राहिला."

मला एकदम आठवलं, की आज तारीख कोणती. बॉट मोहाडीला, घराला कुलूप, किल्ली करुणाच्या पर्समध्ये आणि माझ्या मोबाइलला रेंज नाही.

"पुढं आयका," भूपेंद्रला चेव चढला होता. "जमुनाबाई, गैरहजर. तोंड चालते तेवढे हात चालले असते तं घराचं सोनं झालं असतं."

सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "कोन म्हनून राहिलं असं?"

"जवाईचा बॉट," सासरे म्हणाले. त्यांचा हात शालीकडे गेला आणि त्यांनी ती उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"हॅक झाला!" मी ओरडलो. "मामाजी, कुणीतरी बॉट हॅक केला! चीनमधून!"

"चीनचा मानूस 'नाई राहिला' म्हनन का?" भूपेंद्र म्हणाला. हा माणूस इतर वेळी दोन आणि दोन मिलच्या मुनिमाला विचारतो, पण त्या दिवशी त्याला बुद्धी सुचली. मग त्याने स्वतःचा टोमणा वाचला. "भूपेंद्र, गैरहजर. सारं उद्यावर ढकलता, उद्या काय तुमच्या बाबानं खुट्याले बांधून ठेवला हाये?" त्याचा चेहरा पडला. "बाबावर गेला हा!"

मी सोफ्यावरून कधी उठलो ते मला कळलं नाही. सोफा गेला, शाल गेली, आता बहुधा सासुरवाडीही जाणार, असं मला अगदी खरं वाटलं. आणि मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "थांबा. हे तं माह्यं बोलनं हाये."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"तोंड चालते तेवढे हात, हे मी यायले म्हनतो," त्यांनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "खुर्चीचंबी माह्यंच. हे माह्याशिवाय फक्त करुणाले येते."

सासरे माझ्याकडे वळले. "मंग जवाई, तुमाले कुठून माहीत?"

काय सांगणार? खोटं बोलायला चीनही उरला नव्हता. "रोज ऐकतो, मामाजी," मी म्हणालो.

तेवढ्यात भूपेंद्रच्या मोबाइलवर शेवटचा टिंग वाजला. मीही लीगचा खेळाडू आहे आणि मीही सकाळपासून फिरकलो नव्हतो, हे बॉट विसरला नव्हता. "हेमराज, गैरहजर. घरी असले काय अन् नसले काय, चूल तं पेटतेच."

वड्यांची परात घेऊन करुणा नेमकी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. "माह्यं घरातलं बोलनं तुमी गावात वाटून राहिले? म्हनून समोर येऊन बसत होते व्हय?"

मान खाली घालून मी मनात परतीच्या एसटीची वेळ आठवू लागलो. पण सासरे हसायला लागले. आधी पोट हललं, मग सोफा हलला. "या जवाई, माह्याजवळ बसा. इतके वर्स मले वाटे, मी एकटाच हावो!" मग मामा हसले, मावश्या हसल्या. एक मामी म्हणाली, भूपेंद्रचा टोमणा पुन्हा वाचा. भूपेंद्रने नाही वाचला, पण तिला पाठ झाला होता, तिनेच म्हणून दाखवला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या मंडईत लोक एकमेकांना करुणाचे टोमणे मारत फिरत होते.

सत्कारही झाला. शाल करुणाला दिली, नारळ जमुनाबाईंना. मी टाळ्या वाजवल्या. (भूपेंद्रने माझ्यापेक्षा जोरात वाजवल्या. नंतर तारेच्या खुर्चीवर कोण बसलं, हे विचारू नका.)

आता नव्या हंगामाला लीगला ताजे टोमणे हवे आहेत. करुणा म्हणते, तिला बसल्या बसल्या सुचत नाही, समोर काहीतरी घडावं लागतं. म्हणून सासऱ्यांनी मला लीगच्या कार्यकारिणीत घेतलं. काम काय, विचारलं तर म्हणाले, "काई नाई. तुमी जसे हाये तसेच राहा."

मी पद गंभीरपणे घेतलं आहे. परवा टाकीत पाणी चढवायला मोटर सुरू केली आणि विसरलो. जिन्यावरून पाणी बैठकीत आलं. करुणा काही बोलायच्या आत मी म्हणालो, "रागावू नकोस, लीगसाठी मुद्दाम केलं."

तिने साडी खोचली, मोबाइल हातात घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मुद्दाम कराले अक्कल लागते," ती म्हणाली, आणि तेही बॉटमध्ये भरून टाकलं.