टेकडीत मिसळलेलं घर

“जिनालासुद्धा सापडणार नाही असं घर बांधलंय मी!” खल्फान वाळवंटाकाठच्या बिदिया गावाच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत सुटला होता. वाळवंटातल्या जिनाचा महाल म्हणे टेकडीत मिसळून जायचा, माणसाच्या नजरेला पडायचाच नाही. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट त्याने आर्किटेक्ट पुतण्याला, हारिसला, सांगितली आणि पठ्ठ्याने ती जशीच्या तशी बांधून काढली! गोल पाठ, वाळूच्याच रंगाचा गिलावा, भिंतीच्या घड्यांत लपलेल्या खिडक्या. दार तर कानामागच्या तिळासारखं, ठाऊक असेल त्यालाच दिसावं!

त्या दुपारी खल्फानच्या मुलीला, शम्साला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला सालिमचं कुटुंब येणार होतं. पाहुणे चुकू नयेत म्हणून खल्फान रस्त्यापर्यंत गेला. बराच वेळ कोणी येईना, म्हणून मागे वळला आणि गारच पडला. समोर टेकड्याच टेकड्या! वाऱ्याने पावलंही पुसलेली!

त्याने बायकोला फोन लावला. “जुवैना, आपलं घर कुठंय?”

“ऊन लागलं का तुम्हाला? मी घरातच बसलेय!”

“अगं, पण घर कुठं बसलंय? खिडकीतून ओढणी हलव!”

“खिडक्या उघडत नाहीत. हारिस म्हणाला, आकार बिघडतो!” आणि एकदम तिने किंकाळी फोडली. “अहो, छतावर कोणीतरी गुरगुरतंय! झुंबर हलतंय! जिन आला, जिन!”

खल्फानच्या तोंडचं पाणी पळालं. तोच सालिमचा फोन मध्ये घुसला.

“खल्फान, तुझं घर काही दिसेना बुवा! शेवटी गाडी सगळ्यात उंच टेकडीवर चढवली. इथूनही दिसत नाही!”

खल्फानने मान वर केली. माथ्यावर पांढरीशुभ्र गाडी!

“सालिम, हलू नकोस! तू माझ्या दिवाणखान्यावर उभा आहेस!”

“कशावर?”

“दिवाणखान्यावर! आणि इंजिन बंद कर, खाली तुझी होणारी विहीण बेशुद्ध पडेल!”

गाडी जपून खाली आली. मग सगळे भिंत चाचपत दार शोधू लागले. शेवटी शम्सानेच ते आतून उघडलं. छतावरच्या चाकांच्या खुणा पाहून ती इतकी हसली, की हातातला कहवा सांडला. मुलाची आईही हसायला लागली. आत जायचं कोणाला सुचलंच नाही. तिथेच वाळूवर हलवा खाता खाता सोयरीक जमली.

निघताना सालिम गंभीरपणे म्हणाला, “हारिसला माझ्याकडे पाठव. मलाही हुबेहूब असंच घर हवंय.”

खल्फानची छाती फुगली. “आवडलं ना?”

“तर काय! ईदला मेहुणे येतात ते महिनाभर हलत नाहीत. त्यात आता व्याह्यांची भर!”

खल्फान खदखदून हसला. हसता हसता मध्येच थांबला.

“व्याही म्हणजे... मी?”