पूजेला मांडलेली नक्कल

एका जंगलात, मुलांनो, खारी फार विसराळू होत्या. शेंगदाणे पुरायच्या, वर माती सारायच्या, आणि शेपटी झटकली की विसरून जायच्या. मग थंडीत सगळं रान उकरत बसायच्या. हसू नका. परवा तुमची कंपासपेटी कोण शोधत होतं?

ही पंचाईत पाहून केसोपंत अस्वलांनी एक धंदा काढला. नाव ठेवलं 'स्मरण भांडार'. खारीने दाणे पुरले की इथे येऊन जागा सांगायची. भांडारातला संगणक ती लक्षात ठेवणार. मोबदला, टोपलीमागे मूठभर दाणे. मूठ अर्थात अस्वलाची.

नोंदी करायला शेवंता होती. शेवंता म्हणजे चिचुंद्री. नाव फुलाचं, वास चिचुंद्रीचा, त्याला ती बिचारी काय करणार? डोळ्यांनी अधू, पण कामाला वाघ. आमच्या जंगलातला खरा वाघ कामाला कसा होता, ते मात्र विचारू नका.

एकदा शेवंता म्हणाली, "पंत, पलीकडच्या डोंगरातली माकडं संगणकात शिरतात म्हणे. नोंदींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी अर्धा माल मागतात. आपण सगळ्याची एक नक्कल वेगळी ठेवू या. आणि महिन्यातून एक दिवस संगणक बंद करून नुसत्या नकलेवर काम करून बघू. जमतं का ते तरी कळेल."

"अगं, धंद्याच्या जागी असलं अभद्र काय बोलतेस!" पंत ओरडले. "दाराला लिंबू-मिरची बांधली आहे ना?"

शेवंताने पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून पंतांनी नक्कल ठेवायची एक डबी आणवली. ती राहणार टेकडीवरच्या गुहेत. आठवड्यातून एकदा शेवंताने ती आणायची, संगणकाला जोडून नक्कल उतरवायची, तार काढायची आणि परत गुहेत ठेवून यायची. सरावाला मात्र पंतांनी साफ नकार दिला.

"संकटाचा सराव केला की संकटाला वाटतं, आपल्याला बोलावलंय," ते म्हणाले.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला भांडारात यंत्रपूजा असायची. संगणक, तराजू, कात्री, दाराचं कुलूप, सगळं ओळीने पाटावर. वर झेंडूच्या माळा. पंतांना एकदम डबी आठवली.

"वर्षभर बिचारी एकटी गुहेत पडून. तिची पूजा नको?"

डबी आली. तिला हळदकुंकू लागलं. पण तिचा दिवा काही लागेना.

"तार जोडल्याशिवाय दिवा लागत नाही, पंत," शेवंता बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

"मग जोड की! विझलेल्या यंत्राची कुणी पूजा करतं का?"

"नको हो, पंत. तिला वेगळीच राहू द्या."

"सणासुदीला नन्नाचा पाढा नको, शेवंता!"

तार जोडली गेली. डबीचा दिवा लुकलुकला. सगळ्यांनी हात जोडले. तेवढ्यात पडद्यावर एक संदेश आला. 'आजचा शुभमुहूर्त पाहण्यासाठी इथे टिचकी मारा.' शेवंता "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पंतांनी मोठ्या भक्तिभावाने टिचकी मारली होती.

मुहूर्त काही दिसला नाही. दिसलं एक माकड, दात विचकून हसणारं. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या नोंदींना कुलूप घातलं आहे. अर्धे दाणे आमचे, असं लिहून द्या आणि किल्ली घ्या. नकलेलाही कुलूप घातलं आहे. डबी जोडून दिल्याबद्दल आभार.'

जंगलात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत भांडाराच्या दारात खारींची ही गर्दी. थंडी तोंडावर आलेली.

"पंत, माझी तीन पिल्लं आहेत हो!" गुणाबाई खार रडायलाच लागली. "मी कुठे पुरलं होतं तेवढं सांगा!"

"तांत्रिक अडचण आहे. काळजीचं काही कारण नाही," पंत दारातून म्हणाले. मग आत येऊन कुजबुजले, "शेवंता, अर्धे दाणे देऊन टाकू."

"अहो, दाणे त्या खारींचे आहेत!"

"म्हणूनच म्हणतोय ना. आपलं काय जातंय?"

शेवंताच्या बिळात मात्र सागाची पानं होती. पंतांनी सरावाला नाही म्हटल्यापासून दर शनिवारी ती घरी बसून एकेक नोंद पानावर उतरवत होती. आणि भांडाराचा नियम असा, की नोंद घरी नेणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी गेली. घरी चार पिल्लं. नवऱ्याला सापाने नेलेलं.

तिने गुणाबाईकडे पाहिलं. 'मरो ती नोकरी,' ती मनात म्हणाली आणि पानं घेऊन आली.

तीन दिवस संगणक बंद होता. शेवंता पान नाकाशी धरून वाचायची, खारी पळायच्या. 'गुणाबाई, जांभळीच्या मुळाशी, डावीकडे.' दोन पानं वाळवीने खाल्ली होती. शनिवारनंतरच्या नोंदीही नव्हत्या. तेवढ्यासाठी सगळ्यांनी मिळून रान उकरलं. पण एकही पिल्लू उपाशी राहिलं नाही, आणि माकडांना टरफलसुद्धा मिळालं नाही. गुणाबाईने तर शेवंताला मिठी मारली. श्वास रोखून का होईना, पण मारली.

चौथ्या दिवशी सत्कार झाला. संकट धीराने हाताळल्याबद्दल शाल आणि नारळ. पंतांना.

मग त्यांनी शेवंताला आत बोलावलं. "काम तू चांगलं केलंस, पण नियम म्हणजे नियम. उद्यापासून येऊ नकोस. शिवाय आधी अभद्र बोलली होतीस तूच."

"आणि माझी पानं?"

"ती आता भांडाराची. पुढच्या दसऱ्याला संगणकाशेजारीच मांडू."

शेवंता घरी येऊन ढसाढसा रडली. रडणारच. कुणीही रडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी गुणाबाई उभी. "ताई, मी काल चिंचेखाली पुरलंय. तुम्हीच ठेवा हो लिहून." तिच्यामागे दुसरी खार, तिच्यामागे तिसरी. रांग पार ओढ्यापर्यंत गेलेली. शेवंताने डोळे पुसले आणि सागाचं कोरं पान ओढलं.

रांगेत सर्वांत शेवटी कुणीतरी घोंगडी पांघरून उभं होतं. अंगाने भलतंच थोराड.

"माझा मध कुठे ठेवलाय, तेवढं टिपून घे," घोंगडीतून दबका आवाज आला. "दोन पानांवर लिही. आणि भांडारात कुणाला सांगू नकोस. पंतांना आवडणार नाही."

तात्पर्य : नक्कल सुरक्षित राहावी असे वाटत असेल, तर ती ठेवणारीला आधी नोकरीवरून काढावे. म्हणजे दसऱ्याला तिला पूजेचे बोलावणे जात नाही.