मशीनवर मराठीत चिडणारे गर्दे

विनायकराव गर्दे माणसांवर हिंदीत चिडायचे आणि मशीनवर मराठीत.

मी नागपूरहून बनारसच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सेंटरवर रुजू झालो, तेव्हा पहिल्याच सकाळी दाराआडून ऐकू आलं, "मेल्या, किती वेळ विचार करशील? तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस?" परक्या गावात मराठी! मी हरखून आत गेलो. आत गर्दे एकटेच आणि समोर कॉम्प्युटर.

"आप कौन?" त्यांनी दरडावलं. मी मराठीत नाव सांगितलं. "मग आधी नाही सांगायचं?" म्हणाले, आणि मी थेट मशीनच्या पंक्तीत जाऊन बसलो. माझ्यावरही मराठीतच चिडू लागले.

गर्द्यांच्या कितीतरी पिढ्या बनारसच्याच पंचगंगा घाटावरच्या गल्लीत गेलेल्या. घराणं वैदिकांचं, हेच एकटे विज्ञानाकडे वळलेले. त्यांची मराठी अशी : "परेशान करून सोडलंय रे यानं, सगळा दिवस बरबाद!" चिडायला कारण लागायचं नाही. चहात आलं कमी, चिडले. जास्त, चिडले. पण कोणी "हो जाएगा" म्हटलं की भडकाच उडायचा. "होईल म्हणजे काय? कोण करेल? तुझे आजोबा?" हे दोन शब्द हद्दपार केले तर बनारस सुधारेल, असं त्यांचं ठाम मत होतं. ते ज्याला ऐकवावं तो म्हणायचा, "हो जाएगा, गर्देजी."

त्या हिवाळ्यात एका दुपारी ई-मेलच्या मशीनची डिस्क गेली. प्राध्यापकांची सगळी पत्रं बुडाली. डिस्क मरण्याआधी मशीन कण्हतं, तक्रारी करतं. त्या तक्रारींच्या नोंदी हे मशीन स्वतःकडे न ठेवता दुसऱ्या मशीनकडे पाठवायचं. तिथे त्या जमा होत आणि आमचे ऑपरेटर त्रिपाठीजी त्या रोज वाचत. आता पाहिलं तर जमा नोंदींत डिस्कबद्दल चकार शब्द नाही.

डायरेक्टरसाहेबांनी निकाल देऊन टाकला. त्रिपाठींनी तक्रारींकडे दुर्लक्ष केलं, आणि अंगाशी येतंय म्हटल्यावर ओळी पुसल्या. घरी बसा. त्रिपाठीजी उभे होते. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. खोलीभर शिकलेली माणसं होती. कोणी छताकडे पाहत होतं, कोणी बुटाकडे. त्या खोलीची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

एकटे गर्दे ओरडले, "मिटाया नहीं है! पहुँचा ही नहीं है!"

"साबित कीजिए," साहेब म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

गर्दे दात-ओठ खात कामाला लागले. पाठवणारं मशीन नोंद फेकतं आणि मोकळं होतं, पोचली का म्हणून विचारतसुद्धा नाही, हे त्यांना माहीत होतं. "निलाजरं कुठलं!" त्यांनी डिस्क बदलून मशीन पुन्हा सुरू केलं आणि एक, दोन, तीन असे आकडे घातलेल्या नोंदी भराभर पाठवायला सुरुवात केली. सकाळी सगळ्या पोचल्या. दुपारी बारा नंबरनंतर एकदम एकतीस नंबर! "मधले कुठे गेले? गंगेला?" त्यांनी तारा बदलल्या, मला झापलं, तारा पुन्हा बदलल्या. सकाळी ठीक, दुपारी गळती.

मग ते जमा करणाऱ्या मशीनपुढे ठिय्या देऊन बसले, आणि भानगड सापडली. नोंद आली की हे मशीन ती कोणाची म्हणून तिसऱ्या मशीनला नाव विचारायला जायचं. दुपारी तिसरं मशीन उत्तरच द्यायचं नाही. हे वाट बघत बसायचं, तोवर दाराशी नोंदींची गर्दी व्हायची, आणि जागा भरली की उरलेल्या गुपचूप टाकून दिल्या जायच्या.

तिसरं मशीन तर चालू होतं. मग उत्तर का येत नाही? गर्दे तिथून निघणारी तार हाताने चाचपत भिंतीभिंतीने निघाले, मी मागोमाग. तार साहेबांच्या खोलीत शिरली. ज्या डबीतून ती पुढे जायची, त्या डबीचा प्लग काढून ठेवलेला. त्याच्या जागी साहेबांचा हीटर. दुपारी साहेब आले की लागायचा, ते गेले की निघायचा.

गर्द्यांनी हीटर उपटला, डबी लावली, साहेबांना जवळजवळ ओढतच मशीनपुढे आणलं. डबी चालू, सगळे आकडे हजर. हीटर चालू, आकडे गायब. "लाज नाही वाटत? स्वतःचे पाय शेकायला एका माणसाची अब्रू जाळलीत!" गर्दे गरजले. मराठीत. साहेबांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा उतरला.

"ठीक है, त्रिपाठी को बुलवा लेंगे," ते पुटपुटले. "हो जाएगा."

गर्दे तिथूनच निघाले. संकठा घाटाच्या गल्लीत त्रिपाठींचं घर. वाटेत ते रिक्षावाल्यावर चिडले, गायीवर चिडले, त्रिपाठींवर तर सगळ्यात जास्त. "तोंड शिवलं होतं का याचं? बघ कसा झापतो!"

दार त्रिपाठींनीच उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर शाल. गर्द्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "गर्देजी, हम मिटाए नहीं थे," आणि रडायलाच लागले.

गर्द्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. "मालूम है," एवढंच म्हणाले. "कल से आइए."

पुढे काय करावं ते त्यांना सुचेना. अंगणात त्रिपाठींची बायको मटार सोलत होती. गर्दे कोटासकट तिच्यासमोर जमिनीवर बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलू लागले. त्रिपाठीही डोळे पुसून शेजारी बसले. गर्दे इतका वेळ गप्प राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

"खाना खाके जाइएगा," त्या म्हणाल्या. "घर पे कहलवा दें?"

"घर पे कोई नहीं है, भाभी."

"तो रोज़ क्यों नहीं आ जाते?" त्या सहज म्हणाल्या आणि दाणे घेऊन चुलीकडे गेल्या.

शेंगा केव्हाच संपल्या होत्या. गर्दे खाली मान घालून टरफलं चाळत राहिले, एखादी भरलेली राहिलीय का बघत.