पुरसोभावजींची रांग

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं विचारूच नका. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या कोरगावच्या पुरसोभावजींवर दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मीच बसले.

पुरसोभावजींना रांगेत उभं राहायला आवडतं. रॉकेलची असो, साखरेची असो, रांग दिसली की ते तिच्यात. एका हातात छत्री, काखेत घडीचं स्टूल. स्टुलावर ते स्वतः कधी बसत नाहीत, ते मागच्या म्हाताऱ्यांसाठी. कोणी मध्ये घुसला की छत्री आडवी.

"तू त्या निळ्या शर्टाच्या मागे होतास. मी बघितलंय."

एकदा तर ते रॉकेलच्या रांगेत डब्याशिवाय सापडले. माझ्या नवऱ्याने विचारलं, "मास्तर, तेल नेणार कशात?"

"तेल कोणाला हवंय?" भावजी म्हणाले. "घरात उभं राहिलं तर कोण बोलतं?"

हे आमचे शेजारी. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे, आणि मासळीच्या वासाने खिडकी लावून घेणारे. म्हणूनच कोंबडीच्या रांगेचं कोडं कोणाला सुटेना.

भात कापून झालं की आमच्या मळ्यात क्लबाची पोरं कोंबड्या भाजण्याचा मेळा भरवतात. गोवा राज्य झालं त्या वर्षी पहिला भरला. लांबलचक लोखंडी जाळी, खाली करवंट्यांचे निखारे, आणि धूर पार वर मोपाच्या सड्याच्या माळापर्यंत. केळीच्या पानावर एक तंगडी आणि एक उंडा पाव मिळायला दोन तास लागतात. माझ्या नवऱ्याचं मत ठरलेलं: "दोन तास? तेवढ्यात मी पिल्लू आणून मोठं करीन!"

भावजी मात्र दुपारपासून रांगेत. दोन तास सरकत सरकत यायचे, पुढे चार माणसं राहिली की मागच्याला म्हणायचे, "तू हो पुढे. भाजलेली कोंबडी उडून वता काय?" आणि स्टूल उचलून पुन्हा शेपटाला. एका संध्याकाळी तीन फेऱ्या. पोरं त्यांच्या मागे उभं राहायला धडपडत, तेवढाच एक नंबर फुकट.

पहिल्या वर्षी मीही हसले. मग जाळीवर कोण आहे ते बघितलं आणि हसू गेलं.

जाळीवर बाबलो होता, भावजींचा धाकटा भाऊ. तुयेच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, ती जाळीही त्यानेच जोडलेली. आईविना पोर, भावजींनीच वाढवलेलं. राजभाषेचा वाद पेटला तेव्हा भावजी मराठीच्या बाजूचे, बाबलो कोंकणीच्या. घरच्या भिंतीवर बाबलोने कोळशाने घोषणा लिहावी, भावजींनी ती पुसून खडूने आपली लिहावी. दोघे ओट्यावर उभे राहून भांडायचे ते एकाच बोलीत, त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना कोण कुठल्या बाजूचा ते कळायचं नाही. एके दिवशी भावजींनी बाबलोची घोषणा पुसली नाही. खाली लाल खडूने फक्त मार्क दिले: दहापैकी तीन.

बाबलोने त्याच आठवड्यात बायको-मुलांसकट तुयेला बिऱ्हाड केलं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. वर्षातून एकदा हा मेळा, आणि त्यातही भावजी चार माणसांच्या पुढे जाईनात.

तिसऱ्या वर्षी मुलींनी फारच हट्ट धरला. नवरा येईना, म्हणून मीच रांगेत उभी राहिले. परक्या माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यातल्या त्यात ओळखीची पाठ बघून भावजींच्या मागे लागले.

चार माणसं उरली. भावजी वळले. "वयनी, तुम्ही व्हा पुढे."

मी पदर सावरला. भावजी माझ्या नवऱ्याहून मोठे. मोठ्या माणसाला ओलांडून पुढे जायचं कसं?

"नको. तुम्ही आधी."

"अहो, मला घाई नाही."

"तुम्ही मोठे."

"मोठाच सांगतोय ना?"

माझे पाय हलेनात. ते सरकेनात, मी सरकेना. पुढचे चारही जण आपापली पानं घेऊन गेले. मागून ओरडा सुरू झाला.

"फुडें लग्न लागता काय रे?"

"मास्तर, कोंबडीचो कोळसो जालो!"

बाबलोचे डोळे धुराने मिटलेले. न बघताच तो ओरडला, "कोण तो? फुडें यो रे!"

भावजी गेले. गृहपाठ न केलेलं पोर टेबलाशी जातं तसे.

बाबलोने डोळे पुसले आणि बघितलं. चिमटा तसाच हातात राहिला.

"तू केन्नापासून कोंबडी खाता?"

"खायना."

"मग रांगेन कित्याक?"

भावजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "असोच."

बाबलो खाली वाकला. जाळीच्या कोपऱ्यातली राख चिमट्याने उकरली आणि एक कणंग, म्हणजे रताळं, बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवलं.

"हें तुजें," तो म्हणाला. "दर वर्सा घालतां. दर वर्सा करपता."

भावजींनी ते उभ्याउभ्याच सोललं. बोटं भाजली, फुंकर मारली. अर्धं मोडलं आणि बाबलोच्या पुढे धरलं. बाबलोच्या एका हातात चिमटा, दुसरा मसाल्याने माखलेला. त्याने भावाकडे बघितलं आणि घास घ्यायला तोंड उघडलं.

मागून कोणीतरी पुन्हा बोंब मारली. मी वळले, आणि कुठून आवाज आला कोण जाणे, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "जरा थांबा!"