पिशवीतला आवाज

"आता बघाच! एकही पेशंट ॲप सोडून जाणार नाही!" सक्करदऱ्याच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक देवकीनं छाती ठोकून सांगितलं.

मनाची विचारपूस करणारं ते ॲप लोक हौसेनं घेत आणि आठवडाभरात विसरून जात. त्यातल्या गोडगोड, पुस्तकी आवाजाला उत्तर द्यावंसंच कोणाला वाटेना. म्हणून देवकीनं स्वतःच्या आवाजात, घरच्या बोलीत रोजचा प्रश्न भरला. "का गं"ऐवजी बायांसाठी "काहून वं", माणसांसाठी "काहून गा"! वर अशी सोय, की उत्तर मिळेपर्यंत ॲप गप्प बसायचंच नाही!

संध्याकाळी ती कामठीच्या शेअर ऑटोत बसली, दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळून. समोर तिचीच पेशंट प्रेमिलाबाई, मांडीवर भाजीची गच्च पिशवी. नवरा गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलत नसत. चारचौघांत ओळख दाखवायला नको, म्हणून देवकी गप्प राहिली.

तेवढ्यात पिशवी बोलली, "काहून वं, आज मन कसं हाय? खरं सांग!"

तो देवकीचाच आवाज! प्रेमिलाबाई घाईघाईनं फोन शोधू लागल्या. फोन मेथीखाली, मेथी कोबीखाली!

"खरं सांग!" पिशवी पुन्हा ओरडली.

"सासू हाय का जी?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"उचला ना जी!" ऑटोवाला धर्मेंद्र म्हणाला. "बिचारी कधीची विचारून राहिली!"

संपलं, देवकीला वाटलं. आता बाई लाजेनं उपचारच सोडणार!

प्रेमिलाबाईंनी शोधणं थांबवलं. मान वर केली.

"सासू नाही. मनाच्या इलाजाचं ॲप हाय. नवरा गेला तवापासून मले जगणंच नको वाटे. आता इलाज चालू हाय माहा."

उत्तर मिळालं तशी पिशवी थांबली. धर्मेंद्रनं वेग कमी केला.

"मलेबी झोप नाही येत जी. तिथं माणसांले घेतात का?"

"घेतात ना गा! सोबत चाल माह्या."

कोणाशी न बोलणाऱ्या बाईनं भर ऑटोत हे सांगावं! देवकीचे डोळे भरून आले. तिला राहवलंच नाही.

"बाई, लय हिंमत केली तुम्ही!"

सगळा ऑटो दचकून तिच्याकडे वळला.

"अरे! हे तर पिशवीतली बाई!" धर्मेंद्र ओरडला.

दुपट्टा सोडून देवकीनं हात जोडले. "माफ करा. तो आवाज उद्याच बंद करते."

"बंद नका करू मॅडम," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "घरी मले विचारणारं कोण हाय? फक्त सवाल विचारला का जरा उत्तराची वाट पाहत जा. दवाखान्यातबी तुमचं असंच हाय!"