मास्तरांचा देखणा कावळा

माझ्या छातीभोवती टेप गुंडाळून रंगनाथ मास्तर दुकानाबाहेर पळाले, ते पाच मिनिटं आलेच नाहीत. मी हात पसरून उभा. समोरच्या लिंबावर एक कावळा बसला होता आणि मास्तर मान वाकडी करून त्याच्याकडे पाहत होते.

"गुरुजी, जल्दी या! फिटिंग बघा, फिटिंग! काळी शेरवानी, गळ्याला राखाडी कालर. कुठं एक तरी चुणी हाय का?"

मी टेपसकट बाहेर गेलो. मला कावळाच दिसला.

तीर्थपुरीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा गावात दोनच टीव्ही होते आणि तिसरी करमणूक म्हणजे हे टेलर मास्तर. कापड पारखावं तशी ते पाखरं पारखत. मोर त्यांना बिलकुल पसंत नव्हता. "समोरून शालू, अन् मागं फिरला की समदं अस्तर उघडं!" खंड्याच्या छातीवरचा पांढरा रंग म्हणजे कपडा कमी पडला म्हणून दिलेला जोड. पोपट तर नुसता रंगाच्या बादलीत बुडवून काढलेला. आम्ही एखाद्या पाखराला सुंदर म्हणावं आणि मास्तरांनी ते टराटरा उसवावं, हे ठरलेलं. एकदा एक नवरदेव लग्नाचा कोट शिवायला आला आणि बोलून गेला, "काळा नको मास्तर, कावळा दिसंल मी." मास्तरांनी कापड त्याच्या हातात परत ठेवलं. "मंग मोराकडून शिवून घ्या."

त्यांना तोडीस तोड गावात एकच माणूस, त्यांची बायको सरूकाकू. त्या आतल्या बाजूला बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. त्यांचा जीव हळद्या पक्ष्यावर.

"आवं, पिवळंधमक अंग, अन् त्याला काळी किनार! त्याच्याम्होरं तुमचा कावळा म्हंजे कोळशाचं पोतं."

"दिखावा हाय नुसता. पानाआड लपून बसतो. माझा गडी रोज दारात येतो."

"भाकरीसाठी येतो त्यो!"

"मंग? मी बी भाकरीसाठीच घरी येतो की!"

दिवसातून एकदा हे भांडण व्हायचंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला दोघंच, आणि विषय पाखरांचा. सकाळी मास्तरांनी दारात भाकरी कुस्करून टाकायची आणि काकूंनी आतून ओरडायचं, "द्या, द्या, माझ्या वाटची बी द्या त्याला." पण भाकरी थापताना एक जास्तीची त्याच थापायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, असं सगळे मानतात. मग घरच्यांनी हात जोडून, तुझी अमुक इच्छा पुरी करू, तमक्याची काळजी करू नको, असं सांगायचं. अशा दहाव्यांना मी दुपारपर्यंत ताटकळलो आहे. इथं मात्र मास्तरांच्या मागे मागे, या झाडावरून त्या झाडावर करत दोन कावळे घरापासूनच आले होते. आम्ही पिंडापासून दहा पावलं लांब गेलो नाही तोच एकानं झडप घालून चोच मारली. कोणाला तरी हसूसुद्धा आलं.

"भाग्याची बाई," सगळे म्हणाले. मीही मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काकू सुटल्या, मास्तर. त्यांचं मन कुठंच अडकलं नव्हतं."

महिनाभरानं मी शिवलेला सदरा आणायला गेलो. खिडकीत कावळा बसून ओरडत होता आणि मास्तर खाली मान घालून मशीन चालवत होते. मला नको तिथं चेष्टा सुचली.

"काय मास्तर, आज फिटिंग बघायची नाही?"

त्यांनी मशीन थांबवली. "गुरुजी, तुमीच म्हणले होते ना, तिचं मन कुठंच अडकलं न्हाई म्हणून?"

माझा मलाच राग आला. मी घाईघाईनं समजावू लागलो. अहो, तो तुमच्या हातची भाकरी खाणारा कावळा, तुम्हाला पाहून आला. त्याचा काकूंच्या मनाशी काय संबंध?

"ते मला बी बराबर कळतं. पण त्या दिवशी तुमी समदे 'ये रे बाबा, ये' म्हणून राह्यल्ते, अन् मी एकटाच मनात म्हणून राह्यलो होतो, येऊ नको. घंटा-दोन घंटे तरी येऊ नको." मास्तर चष्मा काढून हातातल्या चिंधीनं पुसत राहिले. "मंग मला हात जोडून म्हणता आलं असतं, सरू, माझी काळजी करू नको, मी करून खाईन. तेवढं बी म्हणू दिलं न्हाई, गुरुजी, त्यानं."