पियानोवर फुटलेला नारळ

भिंगारच्या छावणीत पियानो शिकवणारी बाई एकच, आणि ती म्हणजे मी, हन्ना! शिकवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं सांगणारं कोणी इथे टिकतच नाही. माझे विद्यार्थी म्हणजे फौजी साहेबांची मुलं. पोराचे दोन्ही हात एकत्र चालायला लागले रे लागले, की बापाची बदली! निम्म्या हिंदुस्थानात माझे अर्धेकच्चे शिष्य पसरलेत. म्हणून एकच इच्छा होती: आपली एक जाहीर मैफल व्हावी आणि लोकांनी हन्नाबाईंचं नाव घ्यावं.

एकाहत्तर साली योग आला. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याने गळीत हंगामाच्या शुभारंभाला माझं वादन ठेवलं.

"बघाच तुम्ही!" मी नवऱ्याला म्हणाले. "उद्यापासून जिल्हाभर माझंच नाव!"

"आधी पियानो धड पोचू दे," एलिया म्हणाले.

उसाच्या ट्रकमधून, घोंगड्यांत गुंडाळलेला पियानो अगदी धड पोचला. मी साडी नीट करून मांडवात आले, तो काय! पियानोला हळदकुंकू लागलेलं, झेंडूचा हार पडलेला, आणि समोर चेअरमन कारभारी अण्णा नारळ उगारून उभे!

"अण्णा, थांबा!"

"घाबरू नका, बाई! नारळाबिगर आमी उसाची मोळीबी टाकत न्हाई. नवं मशीन हाय, नारळ फुटलाच पायजे!"

फाट्! नारळ पियानोच्या कोपऱ्यावर फुटला. अण्णांनी ते पाणी मोठ्या श्रद्धेने सगळ्या पट्ट्यांवर शिंपडलं आणि वर प्रसाद म्हणून दोन मुठी साखर पेरली. कारखाना साखरेचा, कंजुषी कशाला?

मी देवाचं नाव घेऊन बसले. पहिली पट्टी दाबली. सूर छान आला, पण पट्टी खाली गेली ती तिथेच चिकटली! दुसरी दाबली, तीही बसली. पाहता पाहता निम्मा पियानो झोपला. फिटर सूर्यभान ग्रीसचा डबा घेऊन धावला.

"सरका, बाई! मी बॉयलर नीट करतो, ह्यी तर पेटी हाय!"

मी पियानोला मिठीच मारली आणि भर मांडवात रडू फुटलं. आयुष्यातली एकुलती एक मैफल, आणि तीही पाकात गेली!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून पुणतांब्याच्या दोघी जावा, गोजरबाई आणि राहीबाई, पदर खोचत वर आल्या.

"रडता कशापायी, बाई? तुमी दाबा, आमी उचलतो!"

आणि सुरू झालं! मी दाबायचं, त्यांनी नखाने उचलायचं. आधी हळूहळू, मग हात बसला तशी मी लय वाढवली.

"उचल गं राहीबाई, ती काळी ऱ्हायली!"

"तू आदी तुजी बाजू बग!"

मांडव शिट्ट्यांनी दणाणला. लोकांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. हसता हसता माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं सांगते, इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते!

आठवडाभरात पुणतांब्याची मंडळी थेट भिंगारला माझ्या दारात हजर! एलियांकडे मी मान ताठ करून पाहिलं.

"जत्रंत कार्यक्रम ठेवलाय, बाई," त्यांचे म्होरके गहिनीनाथ म्हणाले. "गोजरबाई आन् राहीबाईंचा! नारळ-साखरंची सोय केलीया."

"आणि मी?"

"तुमी तर पायजेच की! दाबाया कुनीतरी लागंलच!"